धाप लागलेल्या माणसाचे घर

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे नाव महाराष्ट्राच्या कानावर पडते ते निवडणुकीच्या दिवसांत. तेथील मारुतीसमोर नारळ वाढवून शरद पवार यांच्या प्रचाराचा प्रारंभ होतो, गर्दी जमते, छायाचित्रे छापून येतात आणि गाव पुन्हा आपल्या उसाकडे वळते. या परिसराचे खरे पंचांग साखर कारखान्यांच्या भोंग्यावर चालते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या वाटा उसाच्या वाहनांनी भरून जातात, तोड झालेल्या फडात पाचट पेटते, आणि पहाटेच्या थंडीत तो धूर वर न जाता जमिनीलगत रेंगाळतो. याच दिवसांत पेठेतल्या आणि वस्त्यांवरच्या जुन्या घरांतून एक आवाज वाढू लागतो. सामायिकाला बसलेल्या माणसालाही मध्येच थांबवणारा, पहाटेचा खोकला.

असे एक व्यापारी घर डोळ्यांपुढे आणावे. ते कोणा एकाचे नाही. कन्हेरीचे, इंदापूरचे, फलटणचे, कोठलेही असू शकेल. पुढे दुकान, मागे राहते घर, बाजूला धान्याचे गोदाम. दुकानाला रस्त्यापासून तीन पायऱ्या. आजोबा पन्नास वर्षे त्या तीन पायऱ्या चढत आले आहेत. अलीकडे ते दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि समोरच्या दुकानदाराला हाक मारून बाजारभाव विचारतात. भाव त्यांना ठाऊक असतो. ती हाक केवळ श्वास जमेपर्यंत वेळ काढण्यासाठी असते. मुलाला वाटते, वडिलांचा स्वभाव वयाबरोबर बोलका झाला. आजींना मात्र खरे काय ते कळलेले असते. पण 'कफ आहे, थंडीचा आहे, फाल्गुनात जाईल' हे वाक्य घरात इतक्या वेळा उच्चारले गेलेले असते की त्याला विरोध करणे म्हणजे अशुभ बोलणे ठरते.

फाल्गुन येतो आणि खोकला खरोखरच काहीसा कमी होतो. पुढच्या वर्षी मात्र तो महिनाभर आधी येतो आणि महिनाभर उशिरा जातो. मधल्या काळात आजोबांनी मंदिरात जाण्याची वेळ बदललेली असते, कारण सकाळच्या गर्दीत सर्वांच्या चालीने चालणे जमत नाही. लग्नात ते मांडवाच्या दाराशीच खुर्ची घेऊन बसतात. वरच्या मजल्यावरची खोली 'पोरांना अभ्यासाला हवी' म्हणून स्वतःहून सोडतात. यांपैकी एकही गोष्ट आजार म्हणून नोंदली जात नाही. या रोगाचे कपट असे की तो माणसाला एकदम पाडत नाही. त्याचे अंगण दरवर्षी हातभर लहान करत नेतो, आणि माणूसही मुकाट्याने तेवढ्यात मावू लागतो.

व्यापारी घरांत हे लपवण्याला आणखी एक कारण असते. दुकानाच्या गादीवरचा माणूस थकला हे बाजाराला कळले की उधारीची, देण्याघेण्याची, वाटण्यांची बोलणी सुरू होतात. घरातल्या घरातही होतात. म्हणून श्वास अपुरा पडतो हे कबूल करणे त्या माणसाला प्रकृतीपुरते वाटत नाही. ते गादी सोडण्यासारखे वाटते. डॉक्टरांकडे जाण्यास झालेल्या उशिरामागे पुष्कळदा औषधाची नव्हे, या कबुलीची भीती असते.

या आजाराचे वैद्यकातील नाव सीओपीडी. मराठीत त्यास दीर्घकालीन श्वासनलिका-अवरोध म्हणता येईल. यात श्वासनलिका सुजून अरुंद होतात, त्यांत चिकट कफ साठतो आणि फुप्फुसातील नाजूक वायुकोशांच्या भिंती झिजून फाटतात. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. आत अडकलेल्या शिळ्या हवेमुळे नव्या हवेला जागा उरत नाही आणि छाती फुगूनही जीव घुसमटतो. पाहणाऱ्याला वाटते की या माणसाला श्वास घेता येत नाही. वस्तुतः त्याला श्वास सोडता येत नाही. दमा आणि हा रोग यांत घरोघरी गल्लत होते. दम्यात नळ्यांचे आकुंचन बरेचसे परत सैल होते, दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस पुष्कळदा ठणठणीत असतो. सीओपीडीत झालेली हानी भरून येत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर फुप्फुसाची क्षमता हे मुद्दल आहे. ते पंचविशीच्या आसपास पूर्ण भरते आणि त्यानंतर प्रत्येकाचेच वर्षाला थोडेथोडे कमी होते. धूर आणि धूळ यांच्यामुळे ते दुप्पट-तिप्पट वेगाने घटू लागते. गेलेले मुद्दल कोणतेही औषध परत आणत नाही. गळती थांबवणे आणि उरलेल्यात संसार नीट चालवणे एवढेच हाती असते. ते थोडे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसे या रोगाने दगावली. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता. भारतात १९९० साली या रोगाचे अंदाजे २ कोटी ८० लाख रुग्ण होते, २०१६ साली ते साडेपाच कोटींवर गेले. इतक्या मोठ्या संख्येच्या रोगाचे नाव अनेक घरांना रुग्णालयात दाखल होण्याच्या दिवशी प्रथम ऐकू येते.

'आमच्या घरात कोणी विडीला हात लावलेला नाही, मग हा रोग कसा?' हा प्रश्न जैन कुटुंबांत हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पाश्चात्त्य देशांत सीओपीडी म्हणजे धूम्रपानाचा रोग असे समीकरण दीर्घकाळ होते. त्यास जे हादरे बसले त्यांतला एक पुण्यातून बसला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा विस्तृत आढावा घेतला. आज जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते की श्रीमंत देशांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांचे कारण तंबाखूचा धूर असले, तरी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते प्रमाण तीस ते चाळीस टक्केच भरते. उरलेल्यांच्या छातीत कोठला धूर गेला, हे शोधण्यास त्यांच्या स्वयंपाकघरात आणि गोदामात डोकवावे लागते.

त्या जुन्या घराच्या मागील दारी पाण्याचा बंब असतो. भुसा, चिपाडे, शेंगांची टरफले, मोडक्या खोक्यांच्या फळ्या असे जे हाती येईल ते त्यात जाते. सासुरवाशीण म्हणून आलेली मुलगी पहाटे त्यापुढे बसली ती आजी होईपर्यंत उठली नाही. स्वयंपाकाला गॅस आला तरी उन्हाळ्यातले पापड-कुरडयांचे पीठ, मोठ्या पंगतीची आमटी, दिवाळीचे तळण यांसाठी चूल राहिलीच. आजोबांच्या खोकल्याची चर्चा होते. आजींच्या धापेला मात्र 'वजन वाढले आहे' किंवा 'गुडघे धरले आहेत' अशी नावे मिळतात. पुरुषाचा श्वास दुकानाच्या पायरीवर, चारचौघांत अडतो. बाईचा न्हाणीघरात अडतो. हा भेद कोणत्याही तपासणीत दिसत नाही. परंतु कोणाचे निदान आधी होणार, हे पुष्कळदा त्यावरूनच ठरते.

गोदामातील हिशेब निराळा. ज्वारी-बाजरीच्या पोत्यांची उलथापालथ, हळदीची भुकटी, मिरचीचा खकाणा, चाळणीखाली उडणारा कोंडा, बंद खोलीतील बुरशी. पन्नास वर्षांच्या व्यापारात हे सारे छातीत उतरते. ऊसपट्ट्यात याला आणखी एक जोड आहे: साठवून बुरसटलेल्या चिपाडाच्या भुश्शामुळे होणारा फुप्फुसाचा एक स्वतंत्र आजार आहे, त्याला बगॅसोसिस असे नावच आहे. रात्री गादीशेजारी मच्छर कॉईल लावली जाते. एक कॉईल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ज्या घराने तीन पिढ्या सिगारेट उंबऱ्याबाहेर ठेवली, त्या घरात ती या वाटेने रोज रात्री शिरत असते. देवघरातील धूप आणि उदबत्ती यांचा धूरही धूरच असतो. भावना शुद्ध असली तरी फुप्फुस त्याला निराळी वागणूक देत नाही. फटाक्यांविषयी समाजात पुष्कळ जागृती झाली आहे. तरीही आवाज होत नाही म्हणून लहान मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिली जाणारी नागगोळी पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेल्या मोजणीत सर्वाधिक सूक्ष्म कण सोडणारी ठरली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ओघाने एक उल्लेख येथेच केलेला बरा. मुखपट्टीचा हेतू जीवदयेचा आहे. ती या सूक्ष्म कणांना अडवू शकत नाही. गोदाम झाडताना कापडाची पट्टी पुरेशी समजू नये.

रोगाचे निदान अवघड नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली श्वासाची मापे घेणाऱ्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. दोन हजारांवर माणसांना त्या यंत्रात फुंकावयास लावून त्याने आपले निष्कर्ष मांडले होते. त्याच यंत्राचे आजचे रूप म्हणजे स्पायरोमीटर. छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि जोर लावून सोडावयाचा. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे पाहिले जाते. औषधाने नळ्या सैल केल्यानंतरही हा वाटा सत्तर टक्क्यांहून कमी भरला आणि लक्षणे जुळली, तर निदान पक्के होते. सुई नाही, वेदना नाही. तरीही छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी, हृदयाचा आलेख हे सारे वर्षानुवर्षे होते आणि ही एक तपासणी राहून जाते. एक्स-रे पुष्कळदा आरंभीच्या काळात स्वच्छच येतो आणि घर निश्चिंत होते. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तपासणीसाठी पुण्याची वाट धरलीच पाहिजे, असे दिवस राहिले नाहीत. चाळिशीपुढील ज्या माणसाला चढावर सोबत्यांच्या मागे पडावे लागते, किंवा ज्याचा खोकला दर हिवाळ्यात परतून येतो, त्याने ही तपासणी स्वतः मागून घ्यावी.

निदानानंतर घरात पहिला वाद होतो तो पंपावरून. 'एकदा पंप लागला की सुटत नाही' ही समजूत इतकी खोल आहे की सुशिक्षित मुलेही वडिलांसाठी आधी गोळ्या, काढे आणि कोणीतरी सांगितलेली पुडी शोधतात. मधुमेहाची गोळी जन्मभर घेणाऱ्या माणसाला पंपाचे व्यसन लागेल अशी भीती वाटावी, हे नवल आहे. पंपातून जाणारे औषध मायक्रोग्रॅमच्या मापाचे असते आणि ते थेट नळ्यांत उतरते. गोळीत तेच औषध पोटातून, रक्तातून सर्व शरीरभर फिरते. पंप सुटत नाही याचे कारण रोग जात नाही, हे आहे. दुसरी चूक याच्या उलट टोकाची. चार दिवस बरे वाटले की पंप कपाटात जातो. पावसाळा बरा गेला म्हणून गोदामाचे छप्पर काढून ठेवण्यासारखाच हा हिशेब. तिसरी चूक निव्वळ हातांची आहे: पंप दाबण्याची आणि श्वास ओढण्याची वेळ जुळत नाही, औषध टाळूवर आदळून राहते. डॉक्टरांसमोर एकदा पंप घेऊन दाखवावा आणि सोबत जो कोणी असेल त्यानेही ते पाहून घ्यावे.

येथवर जे आले ते शरीराचे. परंतु हा रोग छातीत थांबत नाही. रात्री दोन वाजता आजोबा उठून बसतात, पुढे वाकून उशीवर कोपर टेकवतात. आजी त्याच क्षणी जाग्या होतात. वर्षांमागून वर्षे त्या अशाच झोपल्या आहेत, एक कान उघडा ठेवून. खोकला आला तर जाग येते आणि बराच वेळ आला नाही तर अधिकच दचकून जाग येते. दिवसा त्यांना कोणी विचारीत नाही, कारण आजारी त्या नाहीत. त्यांनी माहेरचे लग्न टाळलेले असते, चातुर्मासातील प्रवचन सोडलेले असते, मैत्रिणींची यात्रा सोडलेली असते. सूनबाईने फोडणी देण्यापूर्वी आजोबांच्या खोलीचे दार लोटून घेण्याची सवय लावून घेतलेली असते. मिरचीचा ठसका तिच्या हातून झालेला अपराध ठरतो. मुलगा दुकान, कर्ज आणि रुग्णालय यांच्यामध्ये धावतो आणि एखाद्या संध्याकाळी वडिलांवर ओरडतो, मग रात्रभर झोपत नाही. नातू खेळ सोडून हळू बोलावयास शिकतो. आजोबा हे सर्व पाहत असतात. आपल्यामुळे घर अडले आहे, ही जाणीव धापेहून जड असते. चिंता आणि खिन्नता या रोगात फार आढळतात. घाबरल्याने श्वास उथळ होतो, उथळ श्वासाने अधिक घाबरायला होते, आणि चिडचिडा म्हटला जाणारा तो माणूस या फेऱ्यात एकटाच फिरत राहतो.

सार्वजनिक जीवनातील एक प्रसंग या एकटेपणावर बराच प्रकाश टाकतो. पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य अनेक वर्षे सीओपीडीने आजारी होते. ३ फेब्रुवारी २०१९ रोजी कोलकात्याच्या ब्रिगेड मैदानावर त्यांच्या आघाडीची प्रचंड सभा होती. ते मैदानापर्यंत आले. परंतु धूळ आणि धाप यांमुळे गाडीतून उतरू शकले नाहीत, व्यासपीठावर गेले नाहीत. काही वेळ गाडीत बसून ते परत गेले. ज्या माणसाने अकरा वर्षे एक राज्य चालवले त्याच्यात आणि त्या व्यासपीठात थोडेसे अंतर होते, आणि तेवढेच त्याला ओलांडता आले नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी आपल्या साध्या सदनिकेत देह ठेवला. त्या सभेच्या बातम्यांत त्यांचे गाडीत बसून राहणे अगतिकतेचे म्हणून आले. त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते: घरच्यांनी त्यांना तेथवर येऊ दिले होते.

बहुतेक घरे येऊ देत नाहीत. धाप लागते म्हटल्यावर प्रेमळ कुटुंब पहिली गोष्ट करते ती माणसाला बसवून ठेवण्याची. पाणी हातात, ताट हातात, दुकान बंद, देवळात जाणे बंद. यामागे माया आहे यात शंका नाही, पण ही माया घातक आहे. वापर थांबला की पायांचे स्नायू झडतात. झडलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक प्राणवायू लागतो. मग दहा पावलांवर लागणारी धाप पाच पावलांवर लागते, आणि घर म्हणते, 'बघा, आम्ही सांगत होतोच.' आज छातीच्या रोगांचे जाणकार औषधाइतकाच भर श्वसन-पुनर्वसनावर देतात. त्याचा गाभा साधा आहे: रोज ठरावीक चालणे, धाप लागेल इतके पण घाबरवणार नाही इतके; हातापायांचे हलके व्यायाम; आणि श्वास सोडण्याची रीत. नाकाने श्वास घ्यावा आणि गरम दूध फुंकून निववताना ओठांचा जसा चंबू होतो तसा करून दुप्पट वेळ घेत सोडावा. यामुळे अरुंद नळ्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. पायरी चढताना श्वास सोडावा, थांबून घ्यावा. दुसऱ्या पायरीवर थांबून बाजारभाव विचारणारे आजोबा नकळत बरोबरच करत होते. त्यांना फक्त ते लपवावे लागले नसते तर बरे झाले असते.

गादीविषयीही हेच. वजन उचलणे, गोदामात उतरणे, धान्याची चाळण यांतून त्यांना कायमचे मोकळे करावे. परंतु जुन्या गिऱ्हाइकांचे फोन, उधारीची वही, खरेदीचा अंदाज, नव्या मुलाला माल पारखायला शिकवणे यांना फुप्फुस फार लागत नाही. दुकानाच्या धूळविरहित कोपऱ्यात, पंख्याखाली, दोन तासांची बैठक हा काही उपकार नाही. त्या दोन तासांसाठी माणूस सकाळी आंघोळ करून तयार होतो.

जैन घरांत काही प्रश्न असे निघतात की ज्यांची उत्तरे डॉक्टरांकडून आपणहून मिळत नाहीत, कारण ते विचारलेच जात नाहीत. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून टाकावी लागते, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. चौविहार पाळणारा माणूस रात्री नऊला पंप घेतो आणि पाण्याला स्पर्श नको म्हणून चूळ टाळतो, किंवा पंपच टाळतो. सायंकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वी घेता येईल अशी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घेतली की दोन्ही गोष्टी साधतात. सकाळची मात्रा त्या हिशेबाने ठेवावी. पंपातील कॅप्सूलविषयीही शंका असते. ती गिळायची नसते. यंत्रात तिला छिद्र पडते, आतील भुकटी श्वासावाटे जाते आणि कवच टाकून दिले जाते. कवच जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, हे औषध विक्रेत्याला विचारता येते आणि कॅप्सूल नसलेले पंपही मिळतात. या रुग्णांना दरवर्षी फ्लूची लस घेण्याचा सल्ला दिला जातो. बहुतेक फ्लूच्या लशी कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून तयार होतात, ही वस्तुस्थिती आहे. ती लपवून लस टोचण्यापेक्षा ती सांगून, डॉक्टरांशी आणि श्रद्धास्थानी असलेल्या महाराजसाहेबांशी बोलून निर्णय घ्यावा. न्यूमोनियाच्या लशीसाठी अंडी वापरावी लागत नाहीत. एकीच्या संशयामुळे दुसरीही नाकारण्याचे कारण नाही.

आहाराचा प्रश्न याहून नाजूक. पोट गच्च भरले की श्वासपटल वर ढकलले जाते आणि जेवणानंतर धाप वाढते; म्हणून थोडे थोडे, अधिक वेळा खाणे या रुग्णाला मानवते. एकासणे नेमके याच्या उलट आहे. शिवाय रोग वाढला की वजन उतरते, स्नायू क्षीण होतात. अशा वेळी डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळणे आवश्यक असते. कोणते तप झेपेल हे डॉक्टर आणि गुरू या दोघांना खरी स्थिती सांगूनच ठरवावे. वस्तुस्थिती दोघांपासूनही लपवून केलेले तप घराला रुग्णालयात घेऊन जाते. तीर्थयात्रेचेही तसेच. पालिताण्याला साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत आणि डोलीची सोय आहे; पण डोलीत बसणे अनेक वृद्धांना हार वाटते. कुंभोज येथे पायथ्याशी दर्शन घेऊन समाधान मानणारे त्यांच्याहून सुखी दिसतात.

रोग पुढे गेला आणि रक्तातील प्राणवायू सतत कमी राहू लागला की घरात ऑक्सिजनचे यंत्र येते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन अभ्यासांतून दिसले की अशा रुग्णांनी दिवसाचे पंधरा तास किंवा अधिक प्राणवायू घेतल्यास आयुष्य वाढते. धाप लागली की दहा मिनिटे नळी लावणे म्हणजे तो उपचार नव्हे. करोनाच्या काळात हे यंत्र सर्वांनी पाहिले. तरी त्याविषयी दोन इशारे आवश्यक आहेत. पहिला, यंत्रावरील काटा घरच्यांनी मनाने वाढवू नये. सीओपीडीच्या अनेक रुग्णांना डॉक्टर ८८ ते ९२ इतकीच पातळी राखावयास सांगतात. अधिक दिल्याने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस झोपाळू होतो, असंबद्ध बोलू लागतो, आणि घराला वाटते की शांत झोप लागली. दुसरा, प्राणवायूजवळ ज्योत आणू नये. नाकात नळी असलेल्या माणसाच्या हाती आरतीचे तबक देऊ नये. दिवा, उदबत्ती, गॅस यांपासून निदान दहा फुटांचे अंतर ठेवावे. नाकपुड्या कोरड्या पडतात म्हणून तूप किंवा व्हॅसलिन लावू नये. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर आधीच हवा. कफाचा रंग पालटला, त्याचे प्रमाण वाढले, घोट्यांना सूज आली, ओठ निळसर दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आणि एक बोलणे, जे प्रत्येक घर पुढे ढकलते. कधीतरी रुग्णालयात प्रश्न येतो: नळी घालून कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवायचे का? त्या वेळी आजोबांना बोलता येत नसते, आणि मुलगा, मुंबईची मुलगी, पुण्याचे जावई असे सगळे दालनाबाहेर उभे राहून त्यांच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत असतात. काहींना नळी लागून बरे होऊन घरी येता येते, काहींना ती पुन्हा निघत नाही; डॉक्टर आधीच शांतपणे विचारले तर हे समजावून सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा प्रसंगासाठी माणसाने आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. जे घर दुकानाचे मृत्युपत्र वेळेवर करते, त्याला हा कागद करणे अपशकुनी का वाटावे? लिहिणे नको असेल तर निदान विचारावे. आजोबांना पुष्कळदा उत्तर ठाऊक असते. विचारणारा कोणी नसतो.

त्या घरी निदान झाल्यावर पहिला बदल कोणता व्हावा, असे कोणी विचारले तर उत्तर बंबापासून सुरू करता येईल. तो काढून तेथे सौर किंवा गॅसचा गिझर बसवावा, आणि मग आजींनाही स्पायरोमीटरमध्ये फुंकावयास न्यावे. आठवड्यातील दोन रात्री आजोबांच्या खोलीत मुलाने झोपावे आणि आजींनी दुसऱ्या खोलीत, दार लावून. पहिल्या रात्री त्यांना झोप येणार नाही. त्या दोन वेळा उठून येतील आणि परत पाठवल्या जातील. सायंकाळी दिवेलागणीच्या आधी नातवाने पंप, स्पेसर आणि पाण्याचा तांब्या आजोबांच्या खुर्चीजवळ आणून ठेवावा. ते पंप घेतील, दहा आकडे श्वास रोखतील, चूळ भरतील, आणि सूर्य मावळण्यापूर्वी पच्चक्खाण घेतील.